बंद फोनवरचा आवाज

"ऋतिक, हसू नको. उज्ज्वला माझ्या चुलतभावाची सून. तिच्याच तोंडून ऐकलंय मी," सावळेरामतात्या म्हणाले. लाईट गेल्यामुळं भावकीतली पोरं ओट्यावर दाटून बसली होती. तात्यांनी सांगायला सुरुवात केली.

गेल्या धनत्रयोदशीची रात्र. वारूळवाडीच्या रस्त्याला चांगदेवशेठचं दुमजली कापडदुकान. शेठ कसा? तर तोंडानं 'ताई' म्हणणार आन् डोळे ताईच्या पर्सवर. दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आळे गावच्या एका बाईला नऊवारी लुगडं पायजे व्हतं, म्हणून तिथं कामाला असलेली उज्ज्वला वरच्या खोलीत गठ्ठा आणायला गेली.

गठ्ठा उचलला, तोच कोपऱ्यातला जुना फोन वाजला.

"जिन्याखाली बॉम्ब हाय," बाप्याचा आवाज. दम लागल्यासारखा. "माणसं काढ."

पोलिसांनी एकदा दुकानदारांना बोलावून समजावलं व्हतं. असला फोन आला तर ठेवायचा न्हाई, समोरच्याला बोलतं ठेवायचं, संशयास्पद वस्तूला हात लावायचा न्हाई. शेठ तवा मागच्या खुर्चीत घोरत व्हता. उज्ज्वलानं ऐकलं व्हतं. तिच्याबरोबर कामाला असलेली प्रतिभा दारात आली व्हती, तिला तिनं खूण केली, शेठला बोलाव.

"कशात ठेवलाय?" तिनं फोनवर विचारलं.

"...खोक्यात."

"तुमी कोण?"

नुसता श्वास.

शेठ वर आला. फोन हिसकावून कानाला लावला आन् खदखदा हसला. "येडे, ह्याला लाईन तरी हाय का?" त्यानं वायर उचलून दाखवली. टोक मोकळं. उंदरानं कुरतडलेलं.

उज्ज्वलानं ते टोक नीट बघितलं. पण ऐकलं ते ऐकलंच व्हतं.

"शेठ, खोटं निघालं तर मला कामावरनं काढा. आधी माणसं भायेर काढू."

"ऐन सणाला? जिन्याखाली माझाच माल हाय."

"कसला माल?"

शेठनं नजर चुकवली. तिनं ओळखलं. फटाके! परवाना न्हाई, काय न्हाई, कापडाच्या गठ्ठ्यांना खेटून सुतळी बॉम्बची खोकी. असली अक्कल!

तिनं प्रतिभाला पोलिसांना फोन लावायला भायेर धाडलं. स्वतः खाली आली. ओरडली न्हाई. म्हणाली, "वायरिंगमदी बिघाड हाय. समद्यांनी सावकाश रस्त्यापलीकडं चला. लेकरांचे हात धरा."

माणसं हलली. तर मागनं शेठ बोंबलला, "थांबा! वीस टक्के सूट!"

आन् राव, चार बाया वळल्या की माघारी! जिवापरीस सूट मोठी. उज्ज्वलानं दंडाला धरधरून त्यांना काढलं. पलीकडं गेलेले शहाणे मोबाईल उगारून व्हिडिओ काढत उभे. शेठ? तो गल्ला काखेत मारून कवाच पसार.

दुकान रिकामं झालं. ती एकटीच दारात. तिनं मागं वळून बघितलं.

जिन्याखाली काहीतरी फुसफुसलं.

पाय उचलंनात.

तोच पाठीवर हात पडला. जोरात. ती रस्त्यात जाऊन कोसळली.

आन् धडाड्...

मेलं कुणी न्हाई. आग विझायला पहाट झाली. चॅनलवाले आले तर शेठ छाती काढून पुढं. "मीच समद्यांना भायेर काढलं," म्हणे. थू त्याच्या जिंदगानीवर!

तेवढ्यात प्रतिभा ओरडली, "उज्ज्वले, तुझ्या पाठीवर..."

पिवळ्या ब्लाउजवर काजळीचा पंजा. ठळक. करंगळीची जागा कोरी.

"मला ढकललं कुणी, प्रतिभा?"

"कुणी न्हाई गं. मी समोरनं बघत व्हते. दारात तू एकटीच. आन् तवा धूरबी नव्हता..."

शेठची नजर त्या पंज्यावर गेली. बोलता बोलता थांबला. तोंड पांढरंफटक.

"हा तर..."

पुढं न्हाईच बोलला. आजवर न्हाई. पण जुनी माणसं सांगत्यात, त्याचा एक गडी मागं असल्याच फटाक्यांच्या आगीत गेला, आन् त्याला करंगळी नव्हती.

उज्ज्वलानं तो ब्लाउज किती घासला, किती उन्हात टाकला. पिवळा रंग इटून गेला.

पंजा हाय तसाच...