उंबऱ्यापलीकडचा श्रीमंत

वात जरा वर करा, म्हणजे सांगते.

सहादेवदादाला आणायला मी राहात्याला गेले, तेव्हा मनात एवढंच होतं की भावाला थोडे दिवस माझ्याकडे ठेवावं, जेवूखाऊ घालावं. मी अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याकडच्या एका डोंगरगावात सरकारी दवाखान्यात नर्स होते. दवाखान्यामागेच माझी खोली. पुढे भाताची खाचरं, त्यांच्या खाली धरणाचं पाणी. शेजार कुणाचा नाही.

दादाला पाहिलं आणि कळलं, हे नुसत्या जेवणाने भागायचं नाही.

दुष्काळात तो खडी फोडायच्या कामावर होता. तिथे पाठीत उसण भरली ती गेलीच नाही. पुढे मोसंबीच्या एका मोठ्या बागेत राखणीला लागला. मालकाच्या मुलाचं नावच श्रीमंत; तो दादाच्याच वयाचा. पुण्याचं शिक्षण अर्धवट टाकून आलेला, करमत नाही म्हणून अफू खायचा. सोबत हवी म्हणून त्यानेच दादाला पहिली गोळी दिली. पाठ दुखायची थांबेल, म्हणाला. थांबलीही.

बोभाटा झाला तेव्हा श्रीमंतला मोटारीतून पुण्याला दवाखान्यात नेलं. गावात सांगितलं, हवापालटाला गेलाय. दादाला मात्र त्याच बागेत झाडाला बांधून मारलं आणि अफीमबाज म्हणून हाकललं.

माझ्याकडे आणल्यावर गोळी बंद झाली. दादाच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, पोटात पिळे पडायचे, अंगावरचा काटा जायचा नाही. मी पेज भरवायची. तो भांडं उडवून द्यायचा, मग लहान पोरासारखा रडायचा.

एका दुपारी एसटीचा कंडक्टर कमरुद्दीनभाई मला हळूच म्हणाला, "बाई, राहात्याचे श्रीमंतशेठ परवा वारले. घरी आल्यावर पुन्हा खायला लागले हुते. त्यास्नी अडवनार कोन?"

दादा खचेल म्हणून मी त्याला सांगितलं नाही.

त्याच दिवशी, दिवेलागणीला, खाचरांतून बुटांची करकर ऐकू आली. पाठोपाठ मोसंबीच्या फुलांचा वास आला. आमच्या डोंगरात मोसंबीचं एक झाड नाही.

"सहादेव... दार उघड."

दादाने मान वर केली. "श्रीमंत? इतक्या लांब आला?"

मी दादापुढे आडवी आले. "दादा, उघडू नको... तो परवाच गेला. कंडक्टरनं सांगितलं मला."

दाराबाहेर कुणीतरी हलकेच हसलं.

"खरं सांगतेय ती. पण तुझ्यासाठी आणलीय मी... घे. तुझा काय दोष? पाठ दुष्काळानं मोडली. गोळी मी दिली. मारलं माझ्या बापानं. सगळं आमच्यावर घाल, आणि घे..."

त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मला भीती वाटली ती त्याचीच.

दादा भिंतीला धरून उठला. मी हात धरला, तो त्याने सोडवला आणि कडी काढली. वारा नसताना कंदिलाची ज्योत आडवी झाली. उंबऱ्यापलीकडे एक पांढराफटक तळहात पसरलेला होता, त्यावर काळी गोळी. मनगटामागे मला नुसता अंधार दिसला.

दादाची बोटं उचलली गेली. गोळीपाशी थांबली.

"व्हय," तो म्हणाला, "तूच दिली. तुला मोटार मिळाली, मला दोरखंड. त्ये मी इसरनार न्हाई, तुझ्या बापाला बी इसरू द्यायचो न्हाई. पन त्वांड मी उघडलं हुतं. आता मिटनार बी मीच."

"सहादेव... एकटं वाटतं रे..."

"जा, मालक..." दादा अडखळला. ताठ उभा राहिला. "न्हाई. जा, श्रीमंत."

तळहात मिटला. करकर उतरत पाण्यापर्यंत गेली. पाणी वाजलं नाही.

त्या रात्री दादा झोपला. सकाळी त्याने भाकरी मागितली. मी चुलीपाशी तोंड फिरवून रडले.

अंगात ताकद आल्यावर तो राहात्याला गेला आणि सगळ्या गड्यांदेखत मालकासमोर उभा राहिला. "मला बांधलं हुतं त्ये झाड बघाया आलोय. आता बांधा," म्हणाला. मालकाने मान खाली घातली. दादा परत आला तो एकटा नव्हे. बागेतला एक अफू खाणारा गडी संगती होता.

मग दादा हेरून आणेल तशी माणसं येतच राहिली. खडीवरची, बागांतली, एकदा तर एका बड्या घरचा मुलगा. दादा त्यांच्या उशाशी बसायचा, शिव्या खायचा, पेज भरवायचा. त्यातली बरीच आपल्या पायांनी घरी गेली.

एकदा मी विचारलं, "दादा, न सांगता तुला ही माणसं कळतात कशी?"

त्याने उंबऱ्याकडे पाहिलं.

"त्या सांजेला श्रीमंतच्या मागं रांग हुती गं. खाचरांतून पार पान्यापत्तुर. समदी हात पसरून उभी. तवा वळकीचं कुनीच नव्हतं. आता एकेक भेटत्यात..."

"जिवंत?"

"जिती हायेत. परवा सोनईत त्या रांगेतला एक दिसला. अजून शिवला बी न्हाई अफूला." दादाचा आवाज अगदी खाली गेला. "नवरदेव हुता. घोड्यावर बसून हसत हुता."