वेबरबाखला निघालेली सुवर्णा

सुरतेतल्या उधन्याच्या बसथांब्यावर सुवर्णा एका गावाची माहिती स्वतःशीच पुटपुटत पाठ करत उभी होती. जर्मनीत वेबरबाखला नर्स म्हणून जायचं, तर त्या गावाची माहिती मुलाखतीत विचारणारच, असं जर्मनच्या क्लासच्या सरांनी बजावलं होतं.

"कोणत्या गावाचे लूम बंद पडले, मॅडम?" समोरच्या बाकावरून एकाने विचारलं.

ती दचकली. एवढ्या हॉर्नच्या गोंगाटात...? "तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू नाही, दिसलं. लूमखात्यात यंत्रमागांच्या खडखडाटापुढे कान काय कामाचे? आम्ही ओठ बघूनच बोलणं समजतो." तो हसला. "मी योगेश. माझा लूम चालू आहे हां अजून!"

मग रोजच दोघं त्या थांब्यावर भेटायची... आणि बस चुकायची. ती वेबरबाखबद्दल सांगायची, तो ऐकायचा. ओढ्याकाठी विणकरांनी वसवलेलं, आगीत एकदा बेचिराख होऊन पुन्हा उभं राहिलेलं. पुढे गिरण्या बंद पडल्या, तरुण पोरं शहरांकडे गेली आणि म्हातारी माणसं तेवढी उरली.

"स्वभावाने कशी आहेत माणसं?"

"अबोल. रविवारी सगळी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही."

"मग सुरती माणसाने तिथे खायचं काय?"

"तुझं डोकं!" 'तुझं' तोंडून निसटलं आणि ती कानापर्यंत लाल झाली.

मुलाखत पार पडली, व्हिसाही आला. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे सगळं घर तिच्याकडे डोळे लावून बसलं होतं. आईने पेढे वाटले. सुवर्णाने मात्र आपला पेढा तसाच डब्यात ठेवला.

निघायच्या दिवशी तो थांब्यावर आला. आभाळ सकाळपासून कुंद होतं.

"तीनच वर्षं तर जायचंय," ती म्हणाली. "येईनच की परत..."

योगेशने तिच्या बॅगेकडे पाहिलं. "वेबरबाखची पोरंही असंच म्हणाली असतील ना? त्यातलं कुणी आलं परत?"

हा प्रश्न मुलाखतीत कुणी विचारला नव्हता. खोटं बोलावंसं तिला फार वाटलं.

"नाही," ती म्हणाली.

"मला तू आवडतेस, सुवर्णा. खूप."

तिचे डोळे भरून आले. "मग थांब म्हण ना... एकदाच म्हण."

"म्हटलं तर थांबशील?"

"हो."

"मग नाही म्हणत," तो म्हणाला. बस आली, तेव्हा त्यानेच तिची बॅग उचलून आत ठेवली.