धुरी

ट्रेमधल्या मातीत एकही हिरवा ठिपका नव्हता. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शलाका मोघेंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. माती तशीच. चष्म्याचा काही दोष नव्हता.

"औषध शिळं झालं असेल," मोरीन म्हणाली. न्यू साउथ वेल्समधल्या त्या राखीव जंगलाचं अग्निशमन पथक तिच्या हाताखाली होतं.

"फवारणी सुरू होण्याआधी गोळा करून बरणीत ठेवलेल्या बियांवर तेच औषध मारलं. त्या भराभर उगवल्या."

"मग उतारावरचं बी मेलंय."

"कापून पाहिलं. आत पांढरंशुभ्र, जिवंत आहे. फक्त उठत नाही."

त्या जंगलात घळीतला दमट झाडोरा वेगळा आणि उतारावरचं निलगिरीचं रान वेगळं. निलगिरीखाली गुलाबी फुलांची झुडपं. शलाकाने त्यांना आपलं 'घंटाळी' असं नाव ठेवून टाकलं होतं. त्यांच्या मधावर तिथले पक्षी जगत. घंटाळीचं बी वर्षानुवर्षं मातीत झोपून राहतं. वणवा येऊन गेला की धुरातलं एक द्रव्य त्याला निरोप देतं: वरची सावली जळाली, ऊन मोकळं झालं, ऊठ. वणवे रोखल्यापासून निरोप बंद झाला होता आणि घंटाळी संपत चालली होती. उपाय एकच, मुद्दाम आग लावायची. पण तशीच आग लावताना वारा फिरला आणि मोरीनचा धाकटा भाऊ कॉलिन तिच्यात सापडून गेला होता.

तोड सुचली ती शलाकाच्या बाळंतपणात. आई नाशिकहून आली ती ओवा-वावडिंग घेऊनच. नातीला न्हाऊमाखू घालून तिने निखाऱ्यांवर धुरी केली आणि छतावरचं धूरसूचक यंत्र किंचाळलं. शेजारच्याच ठाण्यातून बंब घेऊन मोरीन दारात हजर! आईने तिला आत बोलावून डिंकाचा लाडू दिला. "अगं, जाळ कुठाय? नुसता धूर!" आई हसत म्हणाली.

नुसता धूर! शलाका ताडकन उठून बसली. आग न लावता बियांनाही नुसती धुरी द्यायची. तिने धुरातलं ते द्रव्य पाण्यात उतरवून 'धूम्रार्क' केला. आता कुणाला आगीत पाठवायला नको, हे कळल्यावर मोरीन तिच्या गळ्यात पडून रडली होती.

पहिल्या फवारणीला उतार हिरवागार झाला. रोपं सावलीत खुरटली, बरीचशी फुलण्याआधीच गेली. थोडी तरी तगतील म्हणून पुन्हा फवारलं. रोपं कमी आली. आणि आता ही गप्प माती.

संध्याकाळी दोघी शलाकाच्या स्वयंपाकघरात चहा घेत बसल्या होत्या. मोरीनची नजर सवयीने छताकडे गेली.

"हे यंत्र बंद का?"

"आई धुरी करायची आणि ते रोज बोंबलायचं. वैतागून सेल काढला. मग राहूनच गेलं."

"वेड लागलंय तुला? खरी आग लागली तर?"

शलाकाचा कप हातातच राहिला.

"मोरीन, बियांनाही आपण असाच खोटा निरोप दिला. ज्या बियांनी विश्वास ठेवला त्या उठल्या आणि सावलीत मेल्या. मातीत उरलंय काय? ज्याला मुळात धूर कळतच नाही, तेवढंच बी."

"म्हणजे खऱ्या वणव्यानंतरसुद्धा..."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रेवर खरा पाला जाळला, खरा धूर मातीत जिरू दिला. आठवडे गेले. बरणीतलं बी त्याच धुराने उगवून आलं. उतारावरचं बी ढिम्म हललं नाही. शलाकाला मनापासून लाज वाटली. वणव्याने जे कधी केलं नसतं, ते तिच्या दयेने केलं होतं.

"बरणीतलं बी पेरलं तर?" शलाकाच्या स्वयंपाकघरात मोरीनने विचारलं.

"एका उताराला पुरेल. पण ऊन मिळालं तरच जगेल. छाटून ती सावली हटणार नाही, आणि झाडं तोडायची यंत्रं आत घालायची तर मातीच तुडवली जाईल." 'आग' हा पुढचा शब्द शलाकाला उच्चारवेना.

मोरीनने स्टूल ओढलं आणि खिशातून नवा सेल काढून छतावरच्या यंत्रात बसवला. यंत्र एकदा किंचाळून गप्प झालं.

"वारा कमी असेल तो दिवस मी ठरवते," ती खाली उतरत म्हणाली. "आणि काडी मीच लावणार. दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही."