टाकीखालचा पितळी बिल्ला

मला हे लिहायचं नव्हतं. मुलगी पाठीच लागली, "बाबा, एकदा सगळं लिहून काढा, डोकं हलकं होईल." माझं डोकं जागेवर आहे. ज्याचं नाही, त्याला कोणी लिहायला बसवत नाही. शाळेत मी फार टिकलो नाही, तेव्हा जसं बोलतो तसं लिहितो. दिवा जवळ ओढलाय. तुम्हीही नीट लक्ष द्या, मी पुन्हा सांगणार नाही.

झालं ते जावयाच्या खेळापायी. जिओकॅशिंग म्हणे. नाव घेताना माझी कवळी हलते. लोक कुठेतरी डबी लपवतात, फोनवर जागा टाकतात, आणि चांगले शिकलेसवरलेले लोक ती शोधत झुडपात शिरतात. डबीतलं काही घेतलं, तर आपलं काहीतरी त्यात ठेवायचं. एवढाच काय तो नियम.

लांब पल्ल्याची जुनी पॅसेंजर, कोळशाच्या इंजिनाची, हौशी लोकांसाठी पुन्हा सुरू केलेली. पाणी भरायला ती आडबाजूच्या स्टेशनांवर थांबते. तेवढ्यात जावईबापू उतरून डबी हुडकणार, आणि आम्ही दोघं म्हातारे सोबतीला. मी कुरकुर केली, तर बायको म्हणाली, "मग काय, घरी बसून भिंतीशी भांडणार? चला मुकाट्याने." आमचं असंच. लग्न झाल्यापासून माझा एक शब्द तिने उलट उत्तराशिवाय खाली पडू दिला नाही.

दुपार कलली तेव्हा गाडी एका बंद पडलेल्या स्टेशनात थांबली. छप्पर बसलेलं, पाटीवरची अक्षरं उडालेली. पाण्याची टाकी तेवढी धड, लोखंडी पायांवर उभी, शेवाळलेली. ओल्या गंजाचा वास डब्यात शिरला. वारा नाही, पाखरू नाही. टाकीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा काय तो आवाज. जावई उतरला, मागोमाग बायको उतरली. माझा गुडघा धरलेला, मी खिडकीतच.

टाकीच्या पायामागून जावयाने डबी काढली. आतला पितळी बिल्ला उचलला, पूर्वी हमाल दंडावर बांधायचे तसला, आणि सरळ खिशात टाकला.

"आणि ठेवलंत काय?" बायकोने विचारलं.

"राहू द्या हो आई. कोण बघतंय इथे?"

"वा! घेताना बरं सुचलं. थांबा, मीच ठेवते काहीतरी."

ती पर्स चाचपू लागली. एवढ्यात इंजिनाने वाफ सोडली. पांढरा लोट टाकीवरून, तिच्यावरून गेला. जावई धावत येऊन चढला. शिटी झाली. मी तिला हाक मारणार, तोच शेजारची गादी दबली. बायको येऊन बसली होती.

"आलीस? काय ठेवलंस?"

"हो," ती म्हणाली.

तिच्या अंगाला तोच ओल्या गंजाचा वास येत होता... गाडी हलली. वाफ विरली. मी सहज बाहेर पाहिलं...

टाकीखाली माझी बायको उभी होती. हातात उघडी पर्स. गाडी निघालेली तिला आधी कळलंच नाही. मग ती गाडीच्या मागे चालू लागली, हात वर करून मला काहीतरी बोलत. शब्द पोचत नव्हते. पण माझ्यावर चिडली की ती कशी दिसते, हे मला कोणी शिकवायला नको.

मी शेजारी पाहिलं... शेजारीही तीच. हात मांडीवर, तोंड हसरं, नजर समोर.

मी साखळी ओढली. गाडी थांबली, गार्ड आला.

"माझी बायको खाली राहिलीय."

त्याने शेजारी पाहिलं. "मग या कोण, आजोबा?"

"तेच तर विचारतोय!"

अख्खा डबा हसला. मी दाराकडे निघालो, तर जावयाने कंबरेला धरून मला खाली बसवलं. हट्टी पोराला बसवतात तसं! वर गार्डला म्हणतो, "माफ करा, वय झालंय त्यांचं." माफी मागितली ती गार्डची! गाडी पुन्हा सुटली. वळणावर टाकी दिसेनाशी झाली, तोवर ती लांबवर चालतच होती.

तेव्हापासून ही बाई घरात आहे. हाताची चव तीच, चाल तीच. पण भांडत नाही. भाजी अळणी म्हटलं, हो. खारट म्हटलं, हो. मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकतो, ती उचलून वाळत घालते. माझी बायको असती तर तो टॉवेल माझ्या तोंडावर आला असता.

परवा मुलगी आणि जावई नातीला घेऊन आले. मी जावयाला तोंडावर सांगितलं, "तो बिल्ला परत ठेवून या. ही माझी बायको नाही."

मुलगी रडकुंडीला आली. "आई, बघ गं, बाबा म्हणतात तू माझी आई नाहीस."

"हो," ती चहा गाळत म्हणाली.

"हो काय? म्हणजे... नाहीस?"

"हो..."

हसू तेच. मुलीने नातीला तिच्याजवळून ओढून घेतलं. जावई मात्र खो खो हसला. "आई काय चेष्टा करायला लागल्यात!" म्हणाला, आणि किल्ल्यांना लावलेला तो बिल्ला बोटावर गरागरा फिरवत बसला.

तो हात धुवायला उठला, तेव्हा मी बिल्ला काढून घेतला. तिकीटही काढलं. उद्याची गाडी. जाऊन ठेवतो आणि तिला घेऊन येतो. आधी ती मला झाडणार आहे. झाडू दे. कान तरसलेत.

यातलं मी कोणाला बोललो नाही, मुलीलाही नाही. तरी मघाशी दाराशी माझी बॅग या बाईने भरून ठेवलेली दिसली. उघडली. एका दिवसाच्या प्रवासाला माझे झाडून सगळे कपडे, थंडीचेसुद्धा. कपाटात माझं काही म्हणजे काही उरलेलं नाही...

मी जाणार ते जाणारच. मुली, हे वाचशील तेव्हा एवढं लक्षात ठेव. बिल्ला मी घेतला. माझी माफी अजून मागायची आहे ती तुझ्या नवऱ्याने.