साकिउसानं वाटसरूला जेवायला बोलावलं

यांगोनाची वाटी पुढे सरकव, एक घोट घेतो, आणि तू तो फोन खिशात घाल. हे त्यात सापडायचं नाही. ज्याच्यावर गुदरलं तो साकिउसा नऊ वर्षं माझ्या बोटीवर होता. वीतभर मासा मिळाला तर वीतभरच सांगणारा माणूस.

गेल्या ऑगस्टातला दुसरा बुधवार. बोटीचं इंजिन दुरुस्तीला घेऊन तो सावुसावूला गेला. तुम्हाला गाव ठाऊकच आहे. धक्क्यापासून गरम झऱ्यांपर्यंत दहा मिनिटांची वाट, पण लागतो तास, कारण दारोदारी कुणीतरी विचारतंच, कुणाचा तू, चाललास कुठे. जेवणाच्या वेळी तर बोलायलाच नको. आतला हाक मारणार, ये, जेवायला ये. रस्त्यावरचा म्हणणार, तुमचं चालू द्या. आत कुणी येत नाही, पण हाक मारली नाही तर गाव नावं ठेवतं.

साकिउसा उतरला थोरल्या बहिणीकडे, लितियाकडे. तिच्या नवऱ्याचं, पेनीचं, आधी सांगितलं पाहिजे. बारा वर्षांपूर्वी नारळाच्या बागेच्या हद्दीवरून त्याचं चुलतभावाशी, कालिओवाशी, वाजलं होतं. एका संध्याकाळी कालिओवा दारावरून चालला होता. पेनीनं हाक मारली, ये, जेवायला ये. समेट होतोय असं वाटून तो बिचारा आला, बसला. पहिला घास हातात घेतला, आणि पेनीनं त्याच्या मानेवर कोयता घातला.

पेनीनं नऊ वर्षं तुरुंगात काढली. सुटल्यावर देवमाशाचा दात घेऊन तो कालिओवाच्या घरच्यांपुढे गुडघ्यांवर गेला. त्यांनी दात घेतला, म्हणजे माफ केलं. गावानंही केलं. पण पेनी अंधार पडला की दार लावूनच जेवायचा.

त्या रात्री साडेसातला पानं वाढली. उकडलेला कसावाचा कंद, नारळाच्या दुधातला मासा. लितिया स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वाढत होती. ते लावलेलं दार साकिउसाला बघवेना. बहीण वाळून गेली होती. तिच्याकडे कुणी येत नव्हतं, ती कुठे जात नव्हती.

"दाजी, लोकांनी माफ केलं, तुम्ही अजून कोंडून घेता," तो म्हणाला. "ताईला तरी चार माणसांत बसू द्या."

"दार राहू दे," पेनी म्हणाला.

साकिउसा हसला. मेहुण्याचं नातं थट्टेचंच. दाजी, तुमचा मासा कुणी पळवणार नाही, असं म्हणत तो उठला आणि दार सताड उघडलं. रस्त्यानं एकजण चालला होता. खांद्यावर कोयता, शेतावरून परतणाऱ्या कुणाच्याही असतो तसा. साकिउसानं हाक मारली, "ये रे, जेवायला ये."

तो थांबला.

तुमचं चालू द्या, असं म्हणाला नाही. वळला. पायऱ्या चढू लागला.

पेनीनं पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"साकिउसा... ताईला घेऊन मागच्या दारानं जा."

साकिउसानं दार लोटलं. पलीकडून एकच धक्का बसला. तो खांबावर आपटला. हात कोपराजवळ मोडला, कट् असा आवाज त्यानं स्वतः ऐकला. लितिया स्वयंपाकघराच्या दारात खिळली होती...

वाटसरू आत आला. चटईवर बसला. मान एका बाजूला कललेली.

पेनीनं स्वतःचं ताट पुढे केलं.

"जेव, भाऊ. त्या दिवशी... राहिलं होतं."

त्यानं घास घेतला. चावला. गिळला.

घास मानेच्या चिरेतून चटईवर पडला.

दुसरा घेतला. तोही पडला.

तिसरा...

मग त्यानं पेनीकडे पाहिलं. कोयता उचलला. पेनी पळाला नाही. फक्त हात आडवा धरला. पहिल्या घावात तो हात मनगटापासून गेला. साकिउसा ओरडत सरपटत पुढे आला, एका हातानं पाहुण्याचा पाय ओढू लागला. पाय हलेना. दुसरा घाव पेनीच्या मानेवर बसला.

मग काही नाही... दिवा तसाच जळत होता. दारात कुणी नव्हतं.

पोलिसांनी साकिउसाला नऊ दिवस ठेवलं. कोयता मिळाला नाही. मोडक्या हातानं असे घाव घालता येत नाहीत, असं डॉक्टरनं लिहून दिलं तेव्हा सोडलं. सुटून आला आणि माझ्या दारात बसून लहान पोरासारखा रडला. मी बोलावलं, म्हणत होता, माझ्याच तोंडानं बोलावलं. मलाही रडू आलं.

एक गोष्ट मात्र लितियानं पोलिसांना सांगितली नाही, मला सांगितली. शेवटपर्यंत ती स्वयंपाकघराच्या दारातच होती, दार अडवून. तिच्या अंगावरून कुणी आत गेलं नाही, मागच्या दाराची आतली कडीही तशीच होती. जेवणानंतर पाहुण्यानं हात धुवायचं भांडं तिनं आत फळीवर भरून ठेवलं होतं, अजून बाहेर आणलंच नव्हतं. सगळं झाल्यावर ती आत वळली. भांड्यातलं पाणी लालभडक होतं, आणि शेजारी पंचा, हात पुसून, नीट घडी घालून ठेवलेला.