सव्विसाव्या वर्षीची उडी

"वार्षिकी बाहेर नेता येत नाही," ग्रंथपाल मान वर न करता म्हणाला.

"अहो, पण एकच दिवस—"

"एक तासही नाही. इथं बसा, हवं तेवढं वाचा."

झालं! वार्षिक आकडेवारीच्या ज्या पुस्तकासाठी ती तणतणत संस्थेच्या तळघरातल्या ग्रंथालयात उतरली होती, त्याच्यासाठी मग रोज उतरू लागली. दोन चिमुकले बेटदेश, त्यांचं चाळीस वर्षांचं उत्पादन आणि पुढं कोण गेलं, हा प्रश्न. त्यावरचा तिचा निबंध संचालकांना पटला तर संस्थेत कायमची नोकरी, नाही तर गाशा गुंडाळायचा. एकीकडे मासळी, दुसरीकडे साखर. तिनं मासळीवालीला धाकटी म्हटलं, साखरवालीला थोरली, जणू दोघी बहिणीच. चार दिवसांत ग्रंथपालही तसंच म्हणू लागला.

"आज काय म्हणते तुमची धाकटी?"

"मासळी भरपूर सापडलीय, मिरवतेय नुसती."

"आणि थोरली?"

"तिचा कारखाना बंद पडलाय. तोंड फुगवून बसलीय."

"मग समजूत काढा की..."

"थोरल्यांची समजूत कोण काढतं? मी घरात थोरलीच आहे, मला विचारा!"

तो चक्क हसला. एरवी इतका अबोल, की संस्थेत सगळे त्याला 'मुनी' म्हणत. त्या हसण्यापायी तिनं एक आकडा चुकीचा उतरवला आणि मग गुपचूप खोडला.

सव्विसाव्या वर्षी धाकटीनं अशी काही उडी मारली, की थोरली मागंच पडली. निबंधाचा सगळा डोलारा ह्या उडीवर. संचालकांसमोर मांडणी दुपारी तीनला होती. सकाळी ती आभार मानायला खाली आली, तर मुनींचा चेहरा उतरलेला. त्यानं वार्षिकी उघडून पुढं सरकवली. डागडुजीसाठी बांधणी उसवली, तेव्हा शिवणीत दडलेली एक बारीक तळटीप वर आली होती. त्या वर्षी धाकटीनं मोजायची रीतच बदलली होती. घरोघरी चालणारे उद्योग पहिल्यांदाच उत्पादनात धरले होते; थोरलीनं ते कधीच धरले नव्हते. म्हणजे उडी नव्हतीच मुळी!

तिनं टीप दोनदा वाचली. "कधी कळलं हे तुम्हाला?"

"...परवा."

"परवा? आणि तोंडाला कुलूप लावून बसलात?"

"सांगितलं असतं तर नोकरी हुकली असती. तुम्ही निघून गेला असतात. मला ते... नको होतं. पण सगळ्यांसमोर तुमच्याकडून चूक व्हावी, हेही बघवेना."

तिला रडू आलं, रागही आला. दोन्ही एकदम आलं की माणूस काय करणार? ती कामाला लागली.

"खुर्ची ओढा. धाकटीचे आधीच्या पंचवीस वर्षांतले आणि थोरलीचे चाळीसही वर्षांतले घरगुती उद्योग कुठं सापडतील?"

जुन्या पाहणी अहवालांमध्ये सापडले. तो वाचत गेला, ती मांडत गेली. अडीच वाजता आलेखावर दोन रेघा तयार झाल्या. चाळीस वर्षं थोरली जराशी पुढं, धाकटी तिच्या पाठोपाठ. कोणी कोणाला मागं टाकलंच नव्हतं.

तिनं तीन वाजता तेच सांगितलं, आपली चूकही सांगितली. "मग ह्यात नवीन काय?" संचालकांनी विचारलं. संध्याकाळी जागा दुसऱ्याच्या पदरात पडली.

ती तळघरात आली. "गेली नोकरी."

"माझ्यामुळं."

"तळटिपेमुळं. तुमच्यामुळं दोन दिवस गेले, आणि ते मी विसरणार नाहीये."

तो उभा राहिला. "मग एक गोष्ट आजच सांगतो. तुम्ही मला आवडता... फार."

"किती दिवसांपासून?"

"दीड महिना."

"म्हणजे हेही लपवलंत!" ती कडाडली. "मी वेड्यासारखी रोज दोन दोन जिने उतरून कशाला येत होते, वाटलं तुम्हाला? साखरेचे आकडे बघायला?"

तिनंच मुनींचा हात धरला, आणि राग तसाच ठेवून म्हणाली, "पुन्हा काही लपवलंत ना, तर बघा!"