बाबांनी ‘ठेवतो’ म्हटलं नाही

सकाळचं ऊन विमानाच्या पंखावरून हळूहळू पुढे सरकत होतं. आधी टोकावर राखाडी, मग फिकट, मग डोळे बारीक करावे लागतील इतकं स्वच्छ. खिडकीच्या गोल कडेवरून ते आत उतरलं, समोरच्या सीटच्या पाठीवर रेंगाळलं आणि माझ्या मांडीवरच्या फोनवर येऊन थांबलं. घरी ह्याच वेळी ते बाबांच्या दाढीच्या आरशावर पडायचं.

भीती वाटावी असं त्या उजेडात काहीच नव्हतं. तरीही जे घडलं ते ह्याच उजेडात घडलं, आणि ते खरं आहे.

बाबा दवाखान्यात होते. ते असताना मला पोचायचं होतं.

विमानाचं दार लागत असताना ताईचा फोन आला. “ऐक, बाबा...”

तेवढ्यात एअर होस्टेसनं खूण केली. मी फोन फ्लाइट मोडवर टाकला. ताईचं वाक्य अर्धंच राहिलं.

“आता म्हणे विमानातही फोनवर बोलू देणार,” शेजारच्या काकू पेपर मिटत म्हणाल्या. “देऊच नये! खाली काय कमी कान किटतात?”

“पण घरी कुणी आजारी असलं तर?” मी कसंबसं विचारलं.

“मग हळू बोलावं. अख्ख्या विमानाला कशाला आजारपण?”

विमान ढगांच्या वर आलं.

आणि फोन थरथरला...

पडद्यावर नाव होतं, बाबा.

“काय रे, खिडकी मिळाली का?” कानानं कमी ऐकू येत असल्यामुळे ते नेहमीच ओरडून बोलत.

“मिळाली. तुम्ही कसे आहात?” मी पुटपुटलो.

“मला काय धाड भरलीय! तू घाई करू नकोस. आता घाईचं काही राहिलं नाही.”

मागे यंत्रांचा आवाज नव्हता. ताईचा नव्हता.

त्यांच्या श्वासाचाही नव्हता...

नुसता वारा. काचेपलीकडे होता तसा.

फोन संपवताना बाबा नेहमी एकच शब्द म्हणत. “ठेवतो.”

ह्या वेळी ते म्हणाले, “बरं... येतो मी.”

उंबऱ्यावर चपला घालताना माणूस म्हणतो, तसं.

काकूंनी माझ्याकडे वळून पाहिलं. “वडील ना? त्यांना सांगा, जरा हळू बोला. इथपर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं.”

जाता जाता एअर होस्टेस थबकली. “फोन? ह्या विमानात ती सोय नाही, सर.”

मी पाहिलं. फ्लाइट मोड चालूच होता. कॉलच्या यादीत सर्वांत वर ताईचं नाव होतं.

काकूंनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि मिटलेला पेपर पुन्हा उघडला.

विमानात फोनवर बोलू द्यावं का, असा वाद हल्ली कुठेही निघतो. मी विषय बदलतो. सकाळी दारावर थाप पडली, तर चटकन उठत नाही. ‘येतो’ म्हणालेत ते.

ताईचं वाक्य अर्धं राहिलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. वरही तसंच लिहिलं आहे.

ते पुरं झालं होतं.

“बाबा गेले,” असं ती म्हणाली. मी ऐकलं, आणि मग फोन फ्लाइट मोडवर टाकला.